खाडीतले दोन थर आणि समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्या

पावसाळ्यात रत्नागिरीच्या भाट्ये पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर काजळी नदीचे तांबूस, गढूळ पाणी समुद्राकडे निघालेले दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की वरपासून तळापर्यंत सगळी खाडी याच पाण्याने भरलेली आहे. खाडीत होडी घालणाऱ्या माणसाचा अनुभव वेगळा असतो. पूर थोडा ओसरला आणि भरती चढू लागली, की वरचे पाणी चवीला मचूळ, जवळजवळ गोडे लागते आणि दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खाली मात्र खारे पाणी असते. वरचा प्रवाह समुद्राकडे वाहत असतानाच तळाचे खारे पाणी नदीच्या दिशेने आत सरकत असते. पाण्यात सोडलेले जाळे वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला ओढले जाते, ते यामुळेच.

या दुपदरी रचनेचे कारण साधे आहे. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १००० किलो भरते, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलो भरते. हा पंचवीस किलोंचा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण तेवढ्या फरकामुळे हलके पाणी वर तरंगते, जड पाणी तळ धरते आणि कोणी घुसळल्याशिवाय दोन्ही सहजासहजी एकजीव होत नाहीत. पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ, ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर, याच पंचवीस किलोंच्या फरकावर काही मोठ्या हिमनद्यांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे. म्हणून समुद्रात संपणाऱ्या हिमनद्या कशा झिजतात हे समजून घेताना कोकणातल्या वाचकाने आपली खाडी डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला वाटते. फक्त खाडीपेक्षा तिथले एक गणित उलटे आहे, ते पुढे येईल.

प्रथम हिमनदीविषयी. ग्रीनलँडवर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर बर्फाची चादर पसरलेली आहे आणि मध्यभागी तिची जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते. हा बर्फ स्थिर नसतो. स्वतःच्या वजनाने तो दाबला जातो, पसरतो आणि डोंगरांमधल्या वाटांनी किनाऱ्याकडे सरकत राहतो. या वाटा म्हणजे हिमनद्या. त्यांपैकी काही जमिनीवरच वितळून संपतात, तर शेकडो हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्या जिथे उतरतात त्या अरुंद, खोल खाड्यांना फियॉर्ड म्हणतात. आपल्या खाड्या म्हणजे समुद्राने व्यापलेली नद्यांची खोरी आहेत, तर फियॉर्ड ही बर्फाने कोरलेली आणि नंतर समुद्राने व्यापलेली खोरी आहेत. फरक खोलीचा आहे. आपल्या खाडीची खोली वावांत मोजता येते, ग्रीनलँडच्या आग्नेय किनाऱ्यावरचा सेर्मिलिक फियॉर्ड काही ठिकाणी सुमारे ९०० मीटर खोल आहे.

अशा फियॉर्डच्या आतल्या टोकाशी हिमनदीचे मुख उभे असते. छायाचित्रांत जी निळसर-पांढरी भिंत दिसते ती पाण्यावरची असते आणि मोठ्या हिमनद्यांच्या बाबतीत तिची उंची शंभर मीटरपर्यंत जाते. पाण्याखाली मात्र त्याच भिंतीचा कितीतरी मोठा भाग, कधी पाचशे तर कधी आठशे मीटर खोल, काळोखात समुद्राच्या पाण्याला टेकून उभा असतो. वरच्या भिंतीवर ऊन पडते, वारा लागतो आणि ते सगळे आपल्याला दिसते; हिमनदी कधी थांबणार आणि कधी मागे हटणार याचा निर्णय मात्र पुष्कळदा त्या खालच्या, न दिसणाऱ्या भिंतीपाशी होतो.

आता ते उलटे गणित. अरबी समुद्रात ऊन वरून तापवते, त्यामुळे वरचे पाणी उबदार आणि खोल पाणी थंड, ही आपली रोजची समजूत आहे. ग्रीनलँडच्या फियॉर्डमध्ये वरचे दीडशे-दोनशे मीटर पाणी अतिथंड असते आणि त्याखाली त्याहून उबदार पाणी असते. उबदार पाणी हलके असायला हवे, मग ते खाली कसे राहते? उत्तर मिठात आहे. वरचा थर आर्क्टिककडून येणाऱ्या, बर्फ वितळून सौम्य झालेल्या पाण्याचा आहे. खालचा थर अटलांटिक महासागराच्या दक्षिणेकडच्या उष्ण भागातून प्रवाहांबरोबर आलेला, अधिक खारा आहे. इतक्या थंड तापमानाला पाण्याचे वजन उष्णतेपेक्षा मिठावर जास्त ठरते, म्हणून खारे आणि उबदार पाणी खाली बसते आणि वरच्या थंड थराच्या आड लपून थेट हिमनदीच्या पायापर्यंत पोहोचते. समुद्रशास्त्रज्ञ फियामा स्ट्रानिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ आणि २००९ मध्ये सेर्मिलिक फियॉर्डमध्ये मोजमापे घेतली, तेव्हा हेलहाइम हिमनदीच्या वाटेवर उष्ण प्रदेशाकडून आलेले सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी त्यांना खोलवर सापडले.

चार अंशांच्या पाण्याला उबदार म्हणणे कोकणात बसून पटणार नाही, कारण आपल्या किनाऱ्यावरचे पाणी बहुतेक वर्षभर पंचवीस अंशांच्या वर असते. पण बर्फाच्या दृष्टीने महत्त्व असते ते पाणी गोठणबिंदूच्या किती वर आहे याला. समुद्राचे पाणी शून्याला गोठत नाही. मिठामुळे त्याचा गोठणबिंदू उणे १.९ अंशांच्या आसपास येतो. शिवाय दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू आणखी उतरतो, दर किलोमीटर खोलीमागे सुमारे पाऊण अंश. म्हणजे सहाशे मीटर खोलीवर खाऱ्या पाण्याला टेकलेला बर्फ उणे २.३ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. तिथे ३ अंशांचे पाणी आले, तर ते बर्फाच्या हिशेबाने पाच अंशांहून अधिक गरम असते. हिमनदी जितकी खोल, तितके तेच पाणी तिला अधिक जाचक ठरते.

तरीही नुसते उबदार पाणी शेजारी येऊन उभे राहिले म्हणून हिमनदी झपाट्याने वितळत नाही. एक किलो बर्फ वितळवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढी मिळवायची तर ८० किलो पाणी एक अंशाने थंड व्हावे लागते. पाणी पाच अंशांनी जास्त उबदार असेल, तर एक किलो बर्फामागे सोळा किलो पाण्याने आपली सगळी जादा उष्णता द्यावी लागते. हिमनदीच्या मुखाशी वितळणाऱ्या बर्फाचे आकडे लाखो टनांत जातात. म्हणजे तितक्या पटीत ताजे, उबदार पाणी सतत भिंतीपर्यंत आले पाहिजे आणि थंड झालेले पाणी तितक्याच तत्परतेने बाजूला झाले पाहिजे. या सगळ्या विषयाचा कळीचा प्रश्न इथे आहे: हे पाणी वाहून आणण्याचे काम करतो कोण?

घरी करता येण्यासारखा एक प्रयोग इथे उपयोगी पडेल. काचेच्या दोन पेल्यांत साधे पाणी घ्यावे, एका पेल्यात मूठभर मीठ विरघळवावे, दोन्ही पाणी एकाच तापमानाला येऊ द्यावे आणि मग दोन्हींत सारखे बर्फाचे खडे टाकावेत. पुष्कळ जण खाऱ्या पाण्यातला बर्फ आधी वितळेल असे सांगतात, पण तो उशिरा वितळतो. साध्या पाण्यात बर्फालगतचे थंड पाणी जड होऊन खाली जाते आणि त्याच्या जागी कोमट पाणी येते. खाऱ्या पाण्यात वितळलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे बर्फाभोवती वरच राहते आणि थंड पाण्याचे एक पांघरूण तयार होते. आता खाऱ्या पेल्यात चमचा फिरवावा. पांघरूण विस्कटते आणि बर्फ भराभर विरू लागतो. हिमनदीच्या पायाशी असा चमचा फिरवणारी शक्ती बाहेरून येत नाही. ती हिमनदीच्या स्वतःच्या पोटातून येते.

उन्हाळ्यात हिमचादरीच्या कडेच्या पट्ट्यात बर्फाच्या पृष्ठभागावर पाणी साचते. बर्फावर निळ्या पाण्याची तळी होतात, त्यांना जोडणारे ओढे होतात आणि ते ओढे कुठेतरी फटीत शिरून बर्फात खोल, उभ्या विहिरी पाडतात. कधी अख्खे तळेच अचानक नाहीसे होते. २००६ च्या जुलैमध्ये पश्चिम ग्रीनलँडमधले साडेपाच चौरस किलोमीटरहून मोठे एक तळे असेच रिकामे झाले. शास्त्रज्ञांनी आधीच तिथे उपकरणे मांडून ठेवलेली असल्यामुळे नेमके काय घडले ते नोंदले गेले. तळाला भेग पडली, पाण्याच्या वजनाने ती भेग जवळजवळ एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून खालच्या खडकापर्यंत गेली आणि सगळे पाणी सुमारे दीड तासात आत गेले. त्या वेळी पाणी ज्या वेगाने खाली गेले तो वेग नायगारा धबधब्यापेक्षा जास्त होता आणि त्या पाण्याने वरचा बर्फ एक मीटरहून अधिक उचलला. एवढ्या जाड बर्फाला पाणी आरपार फोडू शकते, हे त्यापूर्वी बहुतांशी गणितात मांडले जात होते. इथे ते प्रत्यक्ष नोंदले गेले.

तळाशी पोहोचलेले पाणी दोन कामे करते. पहिले काम म्हणजे बर्फ आणि खडक यांच्यामध्ये शिरून हिमनदीला थोडी उचलून धरणे, ज्यामुळे तिचा वेग वाढतो. पाणी वाढले की वेग वाढणार आणि तो वाढतच जाणार, अशी भीती या शतकाच्या सुरुवातीला व्यक्त झाली होती. पुढच्या निरीक्षणांतून चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. उन्हाळा सरकतो तसे वाहते पाणी बर्फाच्या तळाशी स्वतःसाठी मोठे बोगदे कोरते. बोगदे झाले की पाण्याचा निचरा चांगला होतो, तळाचा दाब उतरतो आणि हिमनदी पुन्हा खडकावर बसून मंदावते. पहिल्या पावसात रस्ते तुंबतात आणि गटारे मोकळी झाली की तेवढाच पाऊस निमूट वाहून जातो, तसेच काहीसे. त्यामुळे केवळ तळाच्या या वंगणाने हिमनद्या वर्षानुवर्षे वेगवान होत जातील, असे आता मानले जात नाही.

दुसरे काम अधिक परिणामकारक आहे आणि ते समुद्राच्या साथीने होते. ते बोगदे अखेर हिमनदीच्या मुखाशी, समुद्रसपाटीच्या शेकडो मीटर खाली उघडतात. तिथे गोड्या पाण्याची नदी खाऱ्या पाण्यात, तेही तळाशी, बाहेर पडते. आपल्याकडे काजळीचे पाणी समुद्राला पृष्ठभागावर भेटते, म्हणून ते शांतपणे वर पसरते. इथे हलके पाणी जड पाण्याच्या तळाशी सोडले जाते आणि ते बर्फाच्या भिंतीला लगटून वेगाने वर उसळते. चुलीचा धूर वर चढताना आजूबाजूची हवा ओढून घेत रुंद होत जातो, तसा हा लोट वर चढताना शेजारचे खारे, उबदार पाणी स्वतःत ओढून घेतो. पृष्ठभागाजवळ येईपर्यंत त्यात मूळ गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणीच कितीतरी पट अधिक असते. थंड पाण्याचे पांघरूण विस्कटते, ताजी उष्णता सतत भिंतीवर घासत राहते आणि सोळा किलोंचा तो हिशेब भागवला जातो. समुद्राकडे उष्णता आहे पण ती भिंतीवर पोहोचवणारी चाल नाही. वितळलेल्या पाण्याकडे चाल आहे पण उष्णता जवळजवळ नाही. दोन्ही एकत्र आली की पाण्याखालची भिंत काही ठिकाणी दिवसाला काही मीटर या गतीने झिजते. हिमनदीवर हवेचा परिणाम आणि समुद्राचा परिणाम असे दोन स्वतंत्र रकाने करण्याची सवय म्हणूनच दिशाभूल करणारी आहे: हवा तापल्यामुळे वर जे पाणी होते, तेच खाली समुद्राचा हात बर्फापर्यंत पोहोचवते.

यातला एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तळाचे पाणी दुप्पट झाले म्हणून झीज दुप्पट होत नाही. एड्रियन जेंकिन्स या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका तोंडातून येणारे पाणी सुमारे आठपट झाले, तर झीज दुप्पट होते. समुद्राच्या पाण्याचे गोठणबिंदूपासूनचे अंतर दुप्पट झाले, तर मात्र झीजही साधारण दुप्पट होते. म्हणजे समुद्र तापण्याचा परिणाम अधिक थेट आहे. तेवढेच पाणी एका मोठ्या बोगद्यातून येण्याऐवजी अनेक लहान तोंडांतून आले, तर भिंतीचा अधिक भाग झिजतो, हेही या गणितातून दिसते.

गणित आणि निसर्ग यांचा मेळ मात्र सगळीकडे बसलेला नाही. हिमनदीच्या मुखाशी होडी नेणे जिवावर बेतणारे असते, कारण वरून केव्हा कडा सुटेल याचा नेम नसतो. त्यामुळे पाण्याखालच्या झिजेचे थेट मोजमाप फार काळ झालेच नव्हते. अलास्कातील लकाँट हिमनदीसमोर संशोधकांनी सोनार यंत्राने पाण्याखालच्या भिंतीचे नकाशे पुन्हा पुन्हा घेतले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोटापासून दूर, जिथे पाणी तुलनेने शांत असते असे धरले जात होते, तिथली झीज प्रचलित सिद्धांतापेक्षा काही ठिकाणी शंभर पटींपर्यंत अधिक निघाली. २०२३ मध्ये आणखी एक कारण पुढे आले. हिमनदीचा बर्फ म्हणजे शतकानुशतके दाबले गेलेले हिम. त्यात हवेचे लहान लहान बुडबुडे दाबाखाली अडकलेले असतात. बर्फ वितळताना ते फुटून वर उसळतात आणि भिंतीलगतचे पाणी ढवळून काढतात. असा बर्फ बुडबुडे नसलेल्या बर्फापेक्षा दुपटीहून वेगाने वितळतो असे प्रयोगांत दिसले. आधीच्या बहुतेक प्रयोगांत स्वच्छ, बुडबुडे नसलेला बर्फ वापरला गेला होता. इतकी लहान गोष्ट इतके दिवस निसटली, यावरून हा विषय अजून किती कोवळा आहे हे कळते.

पृष्ठभागावर उसळून आलेला गढूळ लोट जीवसृष्टीलाही कामी येतो. खोल पाण्यातली पोषकद्रव्ये त्याच्याबरोबर वर येतात, लहान जीव वर फेकले जातात आणि किट्टिवेक जातीचे समुद्रपक्षी हिमनदीच्या मुखाशी त्या तपकिरी पाण्यावर थव्यांनी जमतात. हिमनदी मागे हटून जमिनीवर गेली, की हा खालून वर येणारा पुरवठा थांबतो.

पाण्याखाली भिंत खचली की वरचा भाग अधांतरी राहतो. नदीच्या वळणावर पाणी काठ खालून पोखरते आणि मग एका रात्रीत माडासकट दरड खाली येते, हे कोकणात सगळ्यांनी पाहिलेले आहे. हिमनदीच्या मुखाचेही तसेच होते. पोखरलेला कडा सुटतो आणि हिमनग म्हणून पाण्यात पडतो. आर्क्टिकमधील स्वालबार बेटांवरील तीन हिमनद्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कडे सुटण्याचे प्रमाण हवेच्या तापमानाबरोबर नव्हे, तर वीस ते साठ मीटर खोलीवरच्या पाण्याच्या तापमानाबरोबर चढत-उतरत होते. हवा सर्वांत उबदार जुलैत असते, खोल पाणी तापायला शरद ऋतू उजाडतो आणि कडे सर्वाधिक सुटतात ते शरदातच. त्या तीनपैकी क्रोनेब्रीन ही हिमनदी कॉन्ग्सफियॉर्डला मिळते आणि या फियॉर्डशी आपल्या किनाऱ्याचे नाते आहे. गोव्यात वास्को द गामा येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने तिथे भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून चालवले आहे आणि जुलै २०१४ मध्ये त्याच फियॉर्डच्या पाण्यात इंडआर्क ही तळाला नांगरलेली उपकरणांची माळ उतरवली, जी पाण्याचे तापमान आणि खारेपणा वेगवेगळ्या खोलींवर नोंदवते. कोकणपट्टीवरच्या एका शहरात बसून माणसे ध्रुवाजवळच्या खाडीतल्या पाण्याचे थर अभ्यासतात, ही गोष्ट आपल्या शाळांतून अधिक सांगितली जायला हवी.

कॉन्ग्सफियॉर्डचे वैशिष्ट्य असे की त्याच्या तोंडाशी अडथळा नाही, त्यामुळे बाहेरचे अटलांटिकचे पाणी त्यात सहज शिरते. इतर अनेक फियॉर्डच्या तोंडाशी मात्र पाण्याखाली उंचवटा असतो. हिमनदी पूर्वी तिथवर पोहोचलेली असताना तिने ढकलून आणलेला दगडगोटा आणि गाळ तिथे साठलेला असतो, किंवा तो मूळचा खडकच असतो. या उंचवट्याला उंबरठा म्हणणे योग्य ठरेल. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि भरतीची वेळ पाहिल्याशिवाय मोठी होडी आत येत नाही. तसाच हा उंबरठा जड, उबदार पाण्याला अडवतो. बाहेर उबदार पाण्याचा थर उंबरठ्याच्या खाली असेल तर हिमनदी सुरक्षित राहते. तो थर वर चढला की पाणी उंबरठा ओलांडून आतल्या खोलगट भागात ओतले जाते.

पश्चिम ग्रीनलँडमधील याकोब्सहावन हिमनदी, जिला स्थानिक लोक सेर्मेक कुयाल्लेक म्हणतात, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तिचा इलुलिसाट हिमफियॉर्ड २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या तोंडाशी असा उंबरठा आहे. मोठे हिमनग तिथे तळाला टेकून अडकून पडतात. या हिमनदीला समुद्रात तरंगणारी सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची बर्फाची जीभ होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती पातळ होऊ लागली आणि २००३ पर्यंत तुटून नाहीशी झाली. जीभ होती तोवर ती काठांना घासत मागच्या बर्फाला थोपवून धरत होती. ती गेल्यावर हिमनदीचा वेग वर्षाला सहा-सात किलोमीटरवरून बारा किलोमीटरच्या वर गेला आणि २०१२ च्या उन्हाळ्यात काही काळ तो दिवसाला ४६ मीटर इतका नोंदला गेला.

कारणाचा शोध कसा लागला, ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, आवडेल असे आहे. त्या वर्षांत फियॉर्डच्या परिसरात समुद्रशास्त्रज्ञांची पुरेशी मोजमापे नव्हती. पण ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर कोळंबी आणि माशांच्या साठ्याची पाहणी दरवर्षी होत असे आणि तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्याबरोबर तळाच्या पाण्याचे तापमानही नोंदले जात असे. डेव्हिड हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या १९९१ पासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९९७ च्या सुमारास फियॉर्डच्या तोंडाबाहेरच्या डिस्को उपसागराच्या तळाचे पाणी अचानक उबदार झाल्याचे दिसले. आइसलँडकडून येणाऱ्या प्रवाहाबरोबर अटलांटिकचे पाणी तिथे आले होते, ते उंबरठा ओलांडून आत गेले आणि जीभ खालून पातळ करू लागले. कोळंबीच्या पाहणीसाठी घेतलेल्या नोंदींतून एका हिमनदीच्या माघारीचा उलगडा झाला. अशा साध्या, नेमाने ठेवलेल्या नोंदींचे मोल त्या घेताना कोणाला ठाऊक नसते.

पुढची घटना याची उलट बाजूही सिद्ध करते. नासाच्या ‘ओशन्स मेल्टिंग ग्रीनलँड’ या मोहिमेत विमानातून फियॉर्डांमध्ये आणि किनाऱ्यालगत उपकरणे टाकून तापमान मोजले जात होते. २०१६ मध्ये डिस्को उपसागरातले खोल पाणी पुन्हा थंड झाल्याचे आढळले, अगदी १९८० च्या दशकातल्या पातळीपर्यंत. त्याबरोबर हिमनदी मंदावली, तिचे मुख थोडे पुढे सरकले आणि तिची जाडी वाढली. अटलांटिकमधील हवामानाच्या एका नैसर्गिक चढउताराचा तो परिणाम होता. या बातमीवरून काहींनी हिमनद्या सावरत असल्याचा निष्कर्ष काढला, तो मला घाईचा वाटतो. त्या काळातही त्या हिमनदीच्या खोऱ्यातून जितका बर्फ समुद्रात जात होता तितका हिमवर्षावाने भरून येत नव्हता. आणि पाणी थंड झाल्याबरोबर हिमनदी थबकते, याचा सरळ अर्थ असा की लगाम समुद्राच्या हातात आहे.

अर्थात सगळे तापमानावरच ठरत नाही. तळाचा उतार कसा आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. हिमनदी एखाद्या उंचवट्यावर टेकलेली असेल तर ती दशकानुदशके तिथे टिकते. पण तिच्या मागे तळ अधिक खोल होत गेला असेल आणि एकदा का तिचे पाऊल त्या उंचवट्यावरून सुटले, तर मागे हटताना ती अधिकाधिक खोल पाण्यात सापडते आणि माघार स्वतःच्या बळावर चालू राहते. अलास्कातील कोलंबिया हिमनदी १९८० च्या सुमारास अशीच उंचवट्यावरून सुटली आणि त्यानंतर वीस किलोमीटरहून अधिक मागे गेली. त्याच अलास्कातील हबर्ड हिमनदी शतकाहून अधिक काळ पुढे सरकत आहे. एकाच प्रदेशातल्या दोन हिमनद्या विरुद्ध दिशांना का जातात याचे उत्तर हवेच्या तापमानात शोधून सापडत नाही.

अंटार्क्टिकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे पृष्ठभागावर पाणी फारसे होत नाही, त्यामुळे उन्हाळी नदीचा लोट हा घटक दुबळा आहे आणि झिजेचे काम मुख्यतः खोलवरून येणारे उबदार, खारे पाणी करते. सुमारे १२० किलोमीटर रुंदीची थ्वेट्स हिमनदी याच पाण्याच्या वाटेत उभी आहे. तिच्यापाशी भरती-ओहोटीचाही हात लागतो: उपग्रहांच्या मोजमापांवरून २०२४ मध्ये दाखवण्यात आले की भरतीबरोबर समुद्राचे पाणी बर्फ आणि तळ यांच्यामधून काही किलोमीटर आत शिरते आणि ओहोटीला मागे येते. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांचा हिशेब ठेवणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही कल्पना समजायला अवघड नाही. हिमनदी जिथे तळावर टेकते ती जागा म्हणजे एक ठाम रेषा असे पूर्वी धरले जात होते. प्रत्यक्षात तो भरतीबरोबर उघडझाप होणारा पट्टा आहे.

याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध समुद्राच्या पातळीतून येतो. तरंगणारा हिमनग वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. पातळी वाढते ती जमिनीवर टेकलेला बर्फ समुद्रात उतरतो तेव्हा. म्हणून मुखाशी काय घडते यापेक्षा मुख सुटल्यामुळे मागचा बर्फ किती वेगाने खाली येतो, हे महत्त्वाचे. सुमारे ३६१ अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगाची समुद्रपातळी एक मिलिमीटर वाढते. १९९२ ते २०१८ या काळात ग्रीनलँडने सुमारे ३,९०० अब्ज टन बर्फ गमावला, म्हणजे पातळीत जवळजवळ ११ मिलिमीटर भर. त्यातला साधारण निम्मा वाटा पृष्ठभागावर वितळण्याचा आणि निम्मा हिमनद्या वेगाने समुद्रात उतरण्याचा होता.

ही भर सगळीकडे सारखी पडत नाही. ग्रीनलँडच्या बर्फाचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की ते आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरते. बर्फ कमी झाला की ही ओढ सैल होते. ग्रीनलँडच्या आसपास पाणी उलट उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर, विशेषतः उष्ण कटिबंधात, सरासरीपेक्षा थोडे अधिक चढते. आपला किनारा त्या दूरच्या किनाऱ्यांत मोडतो. रायगड आणि रत्नागिरीतल्या खारभूमीला बांध घातलेले आहेत आणि बांधांत उघाड्या आहेत. भरतीला उघाडीचे दार समुद्राच्या दाबाने बंद होते आणि ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी त्यातून बाहेर पडते. समुद्राची सरासरी पातळी जितकी वर सरकेल, तितका ओहोटीचा तो उघडा वेळ प्रत्येक भरतीच्या फेऱ्यात थोडा थोडा कमी होत जाईल आणि भाताच्या खाचरांत पाणी तेवढे अधिक वेळ थांबेल.